डाव्या खांद्याचं टोपण

४ सप्टेंबर

वहिनी,

फाडायचं असेल तर फाड हे पत्र, पण आधी एवढं वाच. दादाचं जाकीट परत आलं.

बंदर कचेरीतून निरोप आला की चौकशी संपली, सामान घेऊन जा. बाबांना न सांगता मी गेले. कारकुनाने एक गोणपाटाची पिशवी टेबलावर ठेवली, सही घेतली आणि पंख्याचं तोंड दुसरीकडे फिरवलं, कारण पिशवीला अजून चिखलाचा वास होता. दादाचं घड्याळ आणि चाकू तुझ्याकडे पार्सलने येतील. घड्याळ चालू आहे. ते तसंच पाठवू की बंद करून, हे मला बराच वेळ कळेना. शेवटी तसंच ठेवलं.

जाकीट मी कारखान्यात ठेवलंय, वरच्या फळीवर, रिकाम्या खोक्यांमागे. बाबा आता शिडी चढत नाहीत. तुला ते नको असणार. मलाही नको आहे. पण लोकांची जुनी जाकिटं उघडायची, तपासायची, दुरुस्त करून विकायची, हेच आमचं पोट. आपल्या माणसाचं न उघडता फळीवर ठेवणं जमणार नाही.

मागच्या पत्रांना तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच लिहिते. दादाला पोचवून आलो त्या दिवशी तू बाबांना म्हणालीस, "तुमच्या जुन्या मालानं माझा माणूस नेला." आणि बाबा म्हणाले, "माझ्या हातच्या जाकिटात दोष नव्हता. दोष त्याच्या घाईत होता." त्याचे ओले कपडे अजून दोरीवर होते, आणि बाप हे बोलला. तू चिमीला कडेवर घेतलंस आणि निघालीस. तिचा एक बूट दारातच राहिला. तोही पार्सलमध्ये टाकलाय, पण आता तिला होणार नाही.

बाबा बरे आहेत. रोज बाकावर बसतात, काम करतात. साखर वाढली आहे, पण ती कधी कमी होती.

तुझी,
धाकटी


२१ सप्टेंबर

वहिनी,

जाकीट उघडलं. बाबा डॉक्टरकडे गेले होते, तेवढ्यात शटर अर्धं ओढून घेतलं आणि ते टेबलावर ठेवलं.

तुला या कामात कधी रस नव्हता. रबराच्या वासानं डोकं दुखतं म्हणायचीस, आणि दादा म्हणायचा, "हिला वास माझाच येतो, नाव रबराचं घेते." म्हणून नीट सांगते. पाणबुड्याच्या जाकिटात हवेची पिशवी असते. पाठीवरच्या टाकीतली हवा तिच्यात भरली की माणूस वर उचलला जातो, सोडली की खाली जातो. जुनं जाकीट आमच्याकडे आलं की आधी आतूनबाहेरून गोड्या पाण्यानं धुवायचं, आतलं मीठ काढायचं, मग टम्म फुगवून टांगायचं. शिवणींवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. त्यानंतर बटणं, झडपा, रबरी कड्या सगळं सुटं करायचं, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा जोडायचं. लोकांना वाटतं पिशवी फाटून घात होतो. पिशवी क्वचित फाटते. घात करतं ते चिल्लर सामान.

दादाच्या जाकिटाची पिशवी धड आहे. शिवणी धड आहेत. बटण दाबलं की हवा आत जाते. फक्त डाव्या खांद्यावरचं प्लास्टिकचं टोपण वेगळं होतं, एका छोट्या पिशवीत घालून दिलेलं. कचेरीच्या कागदावर लिहिलंय, वर काढताना निखळलं. दादाला गाळातून ओढताना दोर खांद्यात अडकवला होता, तेव्हा निघालं असेल. तसंच झालं असेल.

मी सगळं पुन्हा गोणपाटात भरलं आणि हात धुतले. बाबा आल्यावर म्हणाले, "शटर का ओढलं होतंस?"

"ऊन येत होतं."

"आपलं दुकान उत्तरेला तोंड करून आहे."

मग आम्ही दोघं आपापल्या कामाला लागलो.

एक सांगायला नको, पण सांगते. गिऱ्हाईक आलं की हल्ली बाबा आपणहून विषय काढतात. समोरचा जाकिटाचे पट्टे चाचपत असतो आणि हे म्हणतात, "माझा मुलगा पाण्यात गेला, ऐकलं असेल तुम्ही. जाकिटात काही नव्हतं. घाई. लहानपणापासून घाई." लोक मान हलवतात. काय करणार बिचारे. जाळीवाल्याला सांगितलं, इंजिनवाल्याला सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं. या रस्त्यावर आता दादा घाईचा म्हणून ओळखला जातो. जो माणूस जेवायला बसला की आपण दोघी भांडी घासून येत होतो, तो.

चिमी शाळेत रमली का?

धाकटी


९ ऑक्टोबर

वहिनी,

मागच्या पत्रात मी "असेल, असेल" केलं. तुला तेव्हाच कळलं असणार की काहीतरी गिळलंय हिनं.

ते टोपण ओढल्यामुळे निघालेलं नाही. ओढून निघालं असतं तर त्याची कड तुटली असती. कड शाबूत आहे. आतले आटे मात्र एका अंगाला खरवडलेले आहेत, तिरके. बाटलीचं झाकण वाकडं बसलं तरी फिरतं, घट्ट झाल्यासारखंही वाटतं. तसं. या टोपणाला जोडलेली जाड नळी छातीवर येते. ती जरा खाली ओढली की थोडी हवा सुटते. पाणबुड्या दिवसभर हेच करत असतो. टोपण वाकडं बसलं असलं तरी वरून दिसत नाही, फुगवून टांगलं तर हवाही धरतं. आणि मग एखाद्या दिवशी खाली नळी ओढली की टोपणच उखडून येतं, जाकिटाच्या खांद्याला भोक पडतं आणि सगळी हवा एकदम निघून जाते. दादा धक्क्याच्या खांबांशी उभं राहून शिंपले खरवडायचा. पाय टिकावा म्हणून कमरेला शिसं जास्त बांधायचा. खाली सगळा गाळ, हवा गेली की शिसं माणसाला त्यात रुतवतं.

त्यानं घाई केली नाही, वहिनी. नेहमीसारखी नळी ओढली. एवढंच केलं त्यानं.

टोपण बोटांनी बसवतात, पान्यानं नाही. आधी उलटं फिरवायचं. आट्यात आटा पडला की बारीकसं टक् होतं. ते ऐकू येत नाही, बोटाला कळतं. मग सरळ फिरवायचं. बाबांनी मला हे डोळ्यांवर रुमाल बांधून शिकवलं होतं. आणि दादाच्या जाकिटाला ते मलासुद्धा हात लावू देत नसत, हे तुला माहीत आहे. "पोराचं मी बघतो," म्हणायचे.

तरी मी स्वतःची समजूत घालत होते. चुकतो एखाद्या वेळी एखाद्याचा हात. मग परवा दुपारी बाबा एका पिशवीला ठिगळ लावत होते. गरम हवेचा पंप शेजारी चालू होता. ते माझ्याशी बोलत होते, नवीन गोंद कसा पाणचट निघाला वगैरे, आणि मला करपल्याचा वास आला. मला वाटलं पिशवी जळाली. बघते तर त्यांचा डावा तळवा पंपाच्या तोंडावर टेकलेला. आणि ते गोंदाबद्दल बोलतच होते.

मी पंप बंद केला. म्हटलं, "बाबा, हात."

"काय झालं हाताला?" त्यांनी तळवा उलटा करून पाहिला. बराच वेळ पाहिला, दुसऱ्याचा असल्यासारखा. मग खिशात घातला.

"कधीपासून?"

"कधीपासून काय त्यात. जरा मोजे घातल्यासारखं वाटतं."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनीच मला सांगितलं. साखरेनं होतं म्हणे. बोटं झोपतात."

"कधी सांगितलं, बाबा?"

"चिमीच्या वाढदिवसाच्या आधी असेल. आता हे कोणाला सांगत फिरू नकोस, गिऱ्हाईक पळेल."

चिमीचा वाढदिवस. तेव्हा दादा होता. मेणबत्त्या लावायला त्यानंच काडी ओढली होती.

बाबा झोपल्यावर मी विकायला टांगलेली त्यांच्या हातची जाकिटं खाली उतरवली आणि एकेक टोपण फिरवून पाहिलं. काही सरळ निघाली. काही तिरकी निघाली. तिरक्यांवरही विक्रीची चिठ्ठी लावलेली होती.

बाबांना काही सांगितलेलं नाही. आज सकाळी एक बाई आपल्या मुलासाठी जाकीट बघायला आल्या. बाबा त्यांना म्हणाले, "माझा मुलगा घाईनं गेला." मी आत जाऊन नळ सोडला, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

तुला हे सांगणं भाग होतं. तू त्या दिवशी जे बोललीस ते खरं होतं. ते खरं निघायला नको होतं, एवढंच.

धाकटी


३० ऑक्टोबर

वहिनी,

आपल्याकडून गेलेली जाकिटं परत मागवते आहे. फोन करते, म्हणते, हंगाम सुरू होतोय, फुकट तपासणी करून देतो. फुकट म्हटल्यावर लोक लगेच येतात. भीती दाखवली असती तर चार प्रश्न विचारले असते.

सगळ्यात आधी कासव आला. पाणबुड्यांची शाळा चालवणारा. तुझ्या लग्नात जेवणावळ उठली तरी जो जेवत होता, तोच. जमिनीवर इतका हळू चालतो की पोरंच त्याला कासव म्हणतात आणि तो ओ देतो. हातगाडीवर जाकिटांचा ढीग घेऊन आला. "फुकट म्हणालीस ना, म्हणून शेजाऱ्याचं पण आणलंय," म्हणाला. मी त्याच्यासमोरच टोपणं फिरवायला लागले. तिसऱ्या की चौथ्याला हात थांबला. त्याचं हसू गेलं. त्यानं जाकीट माझ्या हातून घेतलं आणि स्वतः फिरवून पाहिलं.

"हे कोणी बसवलं?"

"आमच्याकडचंच आहे."

"ते दिसतंय. कोणी?"

आत बाबा काहीतरी गुणगुणत कात्री शोधत होते. कासव त्या आवाजाकडे बघत राहिला.

"म्हातारबाबा," तो म्हणाला. मग अगदी हळू, "आणि तुझा दादा?"

मी मान डोलावली. तो खाली, दुकानाच्या पायरीवर बसला. एवढा मोठा माणूस, त्याच्यामुळे सगळी वाट अडली. हातातलं जाकीट दाखवत म्हणाला, "हे जाकीट घालणारी बाई दोन लेकरांची आई आहे. रविवारी पाण्यात होती."

"मला माहीत नव्हतं रे."

"आता आहे ना. मग एकूण एक परत आण. मी कोणाला बोलणार नाही. पण एकूण एक आण."

तर आणते आहे. आणि यातली खरी शिक्षा वेगळीच आहे. बाबांना वाटतंय, लोक त्यांच्या हातासाठी परत येताहेत. इतके दिवस दुकानात माशा मारत होते, आता दारात जाकिटांचा ढीग. रोज दाढी करतात. नवा एप्रन काढलाय. तळव्याला पट्टी बांधलेली, तशाच हातानं काम ओढून घेतात. काल म्हणाले, "नवी दुकानं निघू देत कितीही. शेवटी हात तो हात." मी "हो" म्हटलं. ते जे जोडतात ते मी ते झोपले की उघडते आणि पुन्हा जोडते. कधी त्यांचं टोपण सरळ बसलेलं असतं, आणि ते पाहून मला इतका आनंद होतो की स्वतःचीच कीव येते.

एक जाकीट मात्र सापडत नाही. धक्क्याला लागलेल्या कुठल्याशा पाहुण्या बोटीवरच्या माणसानं ते उभ्या उभ्या घेतलं आणि अंगात घालूनच गेला. बोट कुठली, कोणाला आठवत नाही. इंजिनवाला म्हणतो निळी होती, जाळीवाला म्हणतो हिरवी. बंदर कचेरीत विचारलं, त्यांनी खांदे उडवले. मी आसपासच्या बंदरांना लिहिलंय. माणूस उंच होता, हसरा होता, एवढंच मला सांगता येतं.

तू या सगळ्याचं काय करशील, माहीत नाही. तू लिहीत नाहीस तेव्हा वाटतं, बरोबर करतेस.

धाकटी


१८ नोव्हेंबर

वहिनी,

बाबांना कळलं.

मी सांगितलं नाही. बंदर कचेरीतला तो कारकून स्वतःच्या भाच्यासाठी जुनं जाकीट बघायला आला. मी बाजारात गेले होते. त्यानं सहज विचारलं, "मुलाचं सामान मिळालं ना सगळं? तुमच्या मुलीनं सही केली होती." भला माणूस. त्याला काय ठाऊक.

मी पिशव्या घेऊन आत आले तेव्हा बाबा बाकावर नुसते बसले होते. समोर काही काम नव्हतं. इतक्या वर्षांत त्या बाकावर मी त्यांना रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"कुठे ठेवलंयस?" म्हणाले.

मी शिडी लावली. जाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी आधी पिशवी पाहिली, मग शिवणी, मग बटण, जसं सगळ्यांचं पाहतात तसं, क्रमानं. माझ्या मनात एकच चाललं होतं की त्यांनी तिथंच थांबावं. मग त्यांनी हात पुढे केला. "टोपण."

मी दिलं. ते बोटांनी आतून चाचपायला लागले. चाचपत राहिले. बोटांना काही सांगता येईना. मग त्यांनी टोपण तोंडाजवळ नेलं आणि आतले आटे खालच्या ओठावरून फिरवले. गोल, हळूहळू. ओठ अजून जागा आहे त्यांचा. खरवडलेल्या जागी आल्यावर थांबले. मागे नेलं, पुन्हा आणलं. पुन्हा थांबले.

"तिरकं," म्हणाले.

त्यांनी टोपण ओठावरून खाली घेतलं.

"हे तू बसवलं होतंस?"

वहिनी, त्यांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. मी "हो" म्हणावं असं त्यांना हवं होतं. बाप आपल्या लेकीकडे एवढं कधी मागत नाही. आणि मी म्हटलं, "हो, बाबा. मीच बसवलं. तुम्ही जेवायला गेला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपण टेबलावर ठेवलं, अगदी अलगद.

"तुझं टोपण तिरकं बसत नाही," म्हणाले. "मी शिकवलंय तुला."

ते उठले, मोरीत जाऊन हात धुतले, पट्टी भिजली तरी धूत राहिले. मी नळ बंद केला तेव्हा बाहेर आले आणि एप्रन काढून खिळ्याला अडकवला. जेवले नाहीत. मीही नाही.

सकाळी उठले तेव्हा दाढी केली, स्वच्छ सदरा घातला आणि बाहेर पडले. मला वाटलं ते पाण्याकडे जाताहेत. मी चप्पल न घालता मागे धावले. ते पाण्याकडे गेले नाहीत. जाळीवाल्याच्या दुकानासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझा मुलगा घाई करणारा नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

जाळीवाला बघतच राहिला. म्हणाला, "अहो काका, बसा ना."

"बसायला नाही आलो. जाकीट मी जोडलं होतं. चूक माझी होती. तो घाई करणारा नव्हता."

मग इंजिनवाला. मग चहाची टपरी. तिथं चार माणसं होती, त्यातल्या दोघांना दादा माहीतही नव्हता. त्यांनाही सांगितलं. इंजिनवाल्यानं त्यांचा दंड धरून त्यांना खुर्चीवर बसवायचा प्रयत्न केला, पंखा लावला. लोकांना वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. कोणी विश्वास ठेवला नाही, वहिनी. घाईची गोष्ट सगळ्यांनी पहिल्या झटक्यात मानली होती, आणि ही मात्र कोणी मानेना. एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "दुःखानं होतं असं. सांभाळ त्यांना."

मी मागे उभी होते. मी म्हणाले, "ते खरं सांगताहेत." माझ्याकडेही तसंच बघितलं त्यांनी.

धाकटी


२६ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र आलं. एवढ्या महिन्यांनी पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि ते उघडायच्या आधी मी दुकानाच्या पायरीवर बसून घेतलं.

तू लिहिलंस, "म्हाताऱ्याला कळू देऊ नकोस. मला कळलं, पुरे झालं. त्यांना आपल्या हाताच्या अभिमानाशिवाय दुसरं काय आहे." पत्र बाबांना कळायच्या आठवडाभर आधी टाकलेलं आहे. शिक्का पाहिला मी. आधी पोचलं असतं तरी काय झालं असतं, कारकून आलाच असता. पण मी हे स्वतःला सांगते आणि पुन्हा शिक्का बघते.

मी तुझं पत्र बाबांना वाचून दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. मग वाटलं, आपल्या घरात आजवर जे काही झालं ते सगळं न सांगण्यातून झालं. त्यांनी बोटांचं सांगितलं नाही, मी जाकिटाचं सांगितलं नाही. म्हणून वाचलं. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "तिला मी घराबाहेर काढलं."

"तुम्ही काढलं नाहीत, ती गेली."

"मी काढलं," म्हणाले.

तळव्याची जखम चिघळली आहे. पट्टी बदलू देत नाहीत. मी जबरदस्तीनं बदलते तेव्हा दुखत नाही म्हणतात, आणि ते खरंच आहे, दुखत नाही. हेच वाईट आहे, डॉक्टर म्हणतात.

धाकटी


१४ जानेवारी

वहिनी,

मध्ये लिहू शकले नाही. बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं. डाव्या हाताची दोन बोटं काढली. शुद्धीवर आल्यावर हाताकडे बघून म्हणाले, "तशीही कामाची नव्हती." परिचारिका हसली, तिला वाटलं म्हातारा विनोदी आहे.

कारखाना बंद केला. परत आलेली सगळी जाकिटं मी पुन्हा तपासून ज्याची त्याला दिली. उरलेलं सामान कासव घेऊन गेला. मला शाळेत नोकरी देतो म्हणाला. जाईन बहुतेक, दुसरं काही येत नाही. दादाचं जाकीट मी कापलं. पट्टे, पिशवी, सगळे तुकडे केले. चुकूनही कोणी ते उचलून दुरुस्त करून अंगात घालू नये म्हणून. कापताना बाबा शेजारी बसले होते. मी विचारलं, "टोपणाचं काय करू?" त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी ते हातोडीनं फोडलं.

ते पाहुण्या बोटीवरचं जाकीट सापडलं नाही. बंदरांकडून दोन उत्तरं आली, दोन्हींत नाही म्हटलंय. बाकीच्यांनी लिहिलंच नाही. वर्तमानपत्रात पाण्यात माणूस गेल्याची बातमी आली की मी वय वाचते, आणि बाबा विचारतात, "उंच होता का?" आता बातमी आली की मी पान दुमडून ठेवते, तरी ते विचारतात.

तू विचारलंस की बाबा काही बोलतात का. फारसं नाही. पण परवा दुपारी म्हणाले, "तिला लिहायचंय." मी वही घेतली, म्हटलं, सांगा, मी लिहिते. नको म्हणाले. "हे तू लिहायचं नाहीस. तिचं माझ्याशी आहे." मी पेन त्यांच्या उजव्या हातात दिलं. ते गळून पडलं. पुन्हा दिलं. मग बोटांना पेन चिकटपट्टीनं बांधून दिलं, त्यांनीच सांगितलं तसं. मी स्वयंपाकघरात गेले कारण ते म्हणाले, बघू नकोस. उन्हं उतरेपर्यंत बसले होते. मध्ये एकदा कागद मागितला, म्हणजे एक वाया गेला असावा.

त्यांनी लिहिलेला कागद सोबत ठेवला आहे. घडी त्यांनीच घातली, म्हणून वाकडी आहे. मी उघडून पाहिला, माफ कर. एक अक्षर लागत नाही. कुठे रेघ कागदाबाहेर गेली आहे, कुठे पेन टेकलंच नाही आणि नुसता ओरखडा उठलाय. काय लिहिलंय ते मी त्यांना विचारलं नाही. त्यांना वाटतंय की नीट उमटलंय. दोनदा विचारून झालं, "टाकलंस का पत्र?"

तुझं उत्तर आलं तर मी त्यांना वाचून दाखवेन. तुला वाचता आलं नाही असं मात्र त्यात लिहू नकोस.

धाकटी